हार्मोनियम साथ : बसगोंडा आवटी

“हार्मोनियमवर कोण आहे, तेही लिहायचं ना?” मगदूमबाईंनी विचारलं.

मी संगणकावरून मान न वळवता हसलो. ते हसणं मला आजही आठवतं आणि आठवलं की कानशिलं गरम होतात. सगळं ठाऊक असलेला माणूस काहीच ठाऊक नसलेल्यावर जसं दया करून हसतो, तसं ते होतं.

“बाई, पेटी वाजवणाऱ्याच्या नावानं कोण शोधतंय? लोक गाणाऱ्याचं नाव घालतात. तेही गाणारा प्रसिद्ध असला तर.”

“पण कव्हरवर छापलंय की हो.”

“छापलेलं सगळं लिहीत बसलात तर उद्या छापखान्याचा पत्ताही लिहाल.”

“तो लिहिला,” त्या म्हणाल्या आणि कार्ड माझ्यासमोर ठेवलं.

इचलकरंजीत बावीस वर्षं माझं कॅसेटचं दुकान होतं. कॅसेट गेल्या, सीडी आल्या. सीडी गेल्या आणि मग मीच गेलो. दुकानाच्या जागेत आता मोबाइलची कव्हरं मिळतात. मागे उरल्या पाचेक हजार कॅसेटी, काही तबकड्या आणि एक माणूस, ज्याला दुसरं काही येत नव्हतं. माल घराच्या माडीवर चढवला आणि एका वेबसाइटवर जुन्या कॅसेटी विकायला सुरुवात केली. पहिल्या सहा महिन्यांत नऊ गिऱ्हाइकं मिळाली, त्यातला एक माझा मेहुणा.

म्हणून मी पुण्याला एका शिबिराला गेलो. एका हॉटेलात दिवसभर होतं. कोट घातलेल्या एका गृहस्थांनी समजावून सांगितलं, की ऑनलाइन गिऱ्हाईक दुकानात शिरत नाही, ते शब्द टाइप करतं. तो शब्द तुमच्या मथळ्यात असेल तरच तुमचा माल त्याला दिसणार. माणूस बरोबर सांगत होता. मी त्यातून काढलेला अर्थ असा, की जितके शब्द जास्त तितकी गिऱ्हाइकं जास्त. परत आलो तो चहाच्या गाड्यावर चार लोकांना ‘सर्च’ म्हणजे काय हे शिकवायला लागलो. त्यातल्या तिघांचे यंत्रमाग होते आणि एकाची पानपट्टी. तरी मी शिकवलं.

मी एकच मथळा तयार केला आणि तो सगळ्या कॅसेटींना लावला. ‘जुनी दुर्मिळ ओरिजिनल मराठी कॅसेट भावगीत भक्तिगीत नाट्यगीत लावणी गझल अभंग हिट्स बेस्ट कंडिशन.’ वर फोटो लावला तोही एकच, कॅसेटींच्या ढिगाचा. काही शोधा, हा हेरवाडे दिसलाच पाहिजे. आणि दिसायलाही लागला. माझी पानं रोज शेकडो लोक उघडायचे. उघडून लगेच बंद करायचे, पण ते मी मनावर घेत नव्हतो. नागपूरच्या एका सद्गृहस्थांनी गझल समजून मागवली आणि त्यांना योगासनांची कॅसेट गेली. त्यांनी लिहिलं, ‘ऐकली. सांगितल्याप्रमाणे श्वास आत घेतला. बाहेर सोडण्यापूर्वी पैसे परत करावेत.’

मगदूमबाई या सगळ्यात आल्या त्या कंटाळ्यामुळे. आमच्या गल्लीत तीन घरं सोडून राहायच्या. एकतीस वर्षं एका वाचनालयात पुस्तकांची नोंद करण्याचं काम केलेलं. निवृत्त झाल्यावर घरातल्या डब्यांना चिठ्ठ्या लावून झाल्या, देवळातल्या भांड्यांची यादी झाली, मग माझी माडी त्यांच्या नजरेत आली. एक दिवस वर येऊन त्यांनी ढीग पाहिला आणि म्हणाल्या, “हेरवाडे, ह्यात तुम्हाला काय सापडतं?”

“मला सगळं ठाऊक असतं,” मी म्हणालो.

“तुम्हाला असंल. लोकांना?”

दुसऱ्या दिवसापासून त्या यायला लागल्या. कॅसेटच्या डबीतला कागद काढायच्या, भिंगातून पूर्ण वाचायच्या आणि एका कार्डावर लिहायच्या. कॅसेटचं नाव, गाणारे, तबला, पेटी, टाळ, ध्वनिमुद्रण कुठे झालं, साल, कंपनी, डबीला तडा आहे का, कोणत्या बाजूला आवाज दबतो. खाली उजवीकडे कार्ड लिहिल्याची तारीख. गावाचं किंवा माणसाचं नाव आलं की ते इंग्रजी अक्षरांत तीन-चार तऱ्हांनी लिहायच्या.

“एकदा लिहिलं की बास झालं,” मी म्हणालो.

“वाचनालयात माणसं पुस्तकाचं नाव कधी बरोबर सांगत नव्हती,” त्या म्हणाल्या. “एक आजोबा ‘ते निळं पुस्तक’ एवढंच म्हणायचे. आपण काय म्हणायचं, नाव पाठ करून या? त्यांना जसं आठवतंय, तसं आपल्याकडं सापडलं पाहिजे.”

मी मान हलवली आणि मनात म्हटलं, बाई पुण्याच्या शिबिराला गेलेल्या नाहीत.

माझे दिवसाला साठ मथळे व्हायचे, बाईंची पाच कार्डं. मी माल दोन भागांत विभागला होता, चालणारा आणि न चालणारा. न चालणारा म्हणजे गावोगावची भजनी मंडळं, शाळांची समूहगीतं, कुणाच्या तरी हौसेनं निघालेल्या कॅसेटी. तो सगळा मी बाईंकडे सरकवला. त्या कार्ड लिहून माझ्याकडे द्यायच्या, वेबसाइटवर टाइप मी करायचं असं ठरलं होतं. आणि मी काय करत होतो ते आता सांगतो, कारण गोष्ट त्याचीच आहे. मी कार्ड बाजूला ठेवून माझाच मथळा चिकटवत होतो. भावगीत भक्तिगीत नाट्यगीत. बाई विचारायच्या, “टाकली?” मी म्हणायचो, “टाकली.” त्यात खोटं काही नव्हतं, अशी मी माझी समजूत घालून घेतली होती. वर्षभर हे चाललं.

मग मला चिकुनगुनिया झाला. ताप चार दिवसांत उतरला, पण हाताची बोटं आखडली ती आखडलीच. भाकरी मोडता येईना, टाइप कुठून करणार? मी खाली पलंगावर कण्हत पडलो आणि बाई वर जाऊन संगणकापुढे बसल्या. टाकायचं कसं ते मला एकदा विचारलं, वहीत उतरून घेतलं आणि दोन बोटांनी सुरू झाल्या. तीन आठवड्यांत त्यांनी सत्तर कॅसेटी टाकल्या. प्रत्येकीचा स्वतंत्र फोटो, कार्डावर लिहिलेलं सगळं जसंच्या तसं. मी बरा होऊन माडीवर आलो आणि त्यांचा एक मथळा वाचला. ‘पंचगंगेच्या काठी, भजने, गायिका इंदुमती कुंभोजे, हार्मोनियम साथ बसगोंडा आवटी, तबला रामू गुरव, मिरज, १९८८.’ वाचून मला त्यांची कीव आली. न चालणाऱ्या मालातला सगळ्यात न चालणारा माल, आणि त्याला एवढी सजावट.

चौथ्या दिवशी फोन आला.

“कॅसेटवाले का? मी शैलजा मुरचिट्टे बोलते, कुरुंदवाडहून. ती आवटींची कॅसेट अजून आहे का?”

“कोण आवटी?” मी विचारलं.

“माझे वडील. त्यांचं नाव तुम्हीच लिहिलंय की.”

“हो, हो,” मी म्हणालो. “आम्ही सगळ्या साथीदारांची नावं लिहितो. आमची पद्धतच आहे ती.”

मगदूमबाई समोरच बसल्या होत्या. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा भिंग उचललं.

शैलजाताई भरभर बोलत होत्या. तीन वर्षं त्या ही कॅसेट शोधत होत्या. कंपनी बंद पडलेली, गाणाऱ्या बाई वारलेल्या. दर दोन-तीन महिन्यांनी त्या वडिलांचं नाव टाइप करून बघायच्या. काही निघायचं नाही. परवा पहिल्यांदा निघालं.

“कधी आली ही तुमच्याकडं?”

“आत्ताच. अगदी ताजी आहे,” मी म्हणालो. कॅसेट म्हणजे जणू पाव.

त्या पोस्टानं पाठवा म्हणत होत्या, पण कुरुंदवाड आमच्यापासून एस.टी.नं पाऊण तास. मी अमेरिकेतलं गिऱ्हाईक गाठायची स्वप्नं बघत होतो आणि माझं गिऱ्हाईक पुढच्या तालुक्यात बसलं होतं. मी म्हणालो, स्वतः आणून देतो. बाई म्हणाल्या, मीही येते. निघताना त्यांनी कपाट उघडून त्याच कॅसेटची आणखी एक प्रत काढली.

“ही कशाला?”

“एक वाजवायला आणि एक ठेवायला. आपल्याकडं दोन होत्या की.” दोन्हींची कार्डं त्यांनी दोन्ही डब्यांना रबर लावून बांधली. मी बघितलं. पण डोक्यात काही शिरलं नाही.

शैलजाताईंचं घर बाजाराच्या मागे. तिशी ओलांडलेल्या असतील, शाळेत शिक्षिका होत्या. नवरा कामाला परगावी, म्हणून वडिलांना त्यांनी आपल्याकडेच आणलं होतं. बसगोंडा आवटी खिडकीजवळ खुर्चीत बसले होते, पांढरं धोतर, पांढरी टोपी, मांडीवर शाळेतली दगडी पाटी. मी वाकून नमस्कार केला आणि मोठ्यानं म्हणालो, “कॅसेट आणलीय.”

“ऐकू येत नाही त्यांना,” शैलजाताई म्हणाल्या. “पाटीवर लिहावं लागतं.”

मी हातात कॅसेट धरून तसाच उभा राहिलो.

“अजिबात नाही?” मगदूमबाईंनी विचारलं.

“गेल्या दिवाळीपर्यंत कानात यंत्र घातलं की येत होतं. मग तेही बंद झालं. डॉक्टर म्हणाले, आता उपयोग नाही.” त्या टेप घेऊन आल्या, शाळेतून मागून आणलेला होता. “थोडी आधी मिळाली असती तर बरं झालं असतं. पण तुमच्याकडंच आत्ता आली, त्याला तुम्ही तरी काय करणार?”

मी काहीतरी पुटपुटलो. नशीब, योग, असलं काहीतरी.

शैलजाताईंनी रबर सोडवून पहिलं कार्ड वाचलं. वडिलांचं नाव चार तऱ्हांनी लिहिलेलं बघून हसल्या. मग दुसरं कार्ड हातात घेतलं आणि ते जरा जास्त वेळ वाचलं.

“ह्याच्यावर तारीख मागच्या वर्षीच्या जानेवारीतली आहे,” त्या म्हणाल्या.

“हो,” मगदूमबाई म्हणाल्या. “ती पहिली प्रत. मीच लिहून दिली होती. तेव्हाच टाकलीय ना ती.” आणि त्या माझ्याकडे वळल्या. “टाकलीय ना, हेरवाडे?”

आम्ही गेलो तो मार्च महिना होता. मागचा जानेवारी ते दिवाळी. हिशेब शाळेतल्या पोरालाही जमला असता, आणि तो त्या खोलीत आम्ही तिघंही करत होतो. खुर्चीतले पेटीमास्तर आवटी तेवढे आमच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत होते.

“टाकली होती,” मी म्हणालो. “पण नावं लिहिली नव्हती. माझाच एक मथळा होता, तो लावला होता.”

“भावगीत भक्तिगीत नाट्यगीत?” शैलजाताईंनी विचारलं.

मी मान हलवली.

“म्हणजे ते तुम्ही. मागच्या उन्हाळ्यात नावानं काही मिळेना, म्हणून मी जुनी भक्तिगीतं असं टाकून बघितलं होतं. नुसती तुमचीच पानं येत होती, एकाखाली एक. सगळ्यांवर तेच नाव, तोच फोटो. दोन दिवस एकेक उघडून बघितली. मग सोडून दिलं.”

त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी नुसतं सांगितलं. पुण्याच्या शिबिरात शिकलेलं सगळं खरं ठरलं होतं. गिऱ्हाईक मला शोधत माझ्या दारापर्यंत आलं होतं आणि मी दारात एवढा कचरा घातला होता, की त्याला आत येता आलं नव्हतं.

एकतीस वर्षं ज्या मगदूमबाईंनी एका पुस्तकाची नोंद चुकू दिली नाही, त्यांची वर्षभराची कार्डं मी रद्दीसारखी वापरली होती. त्यांनी पर्स उघडली, रुमाल काढला, चष्मा पुसला आणि परत लावला. पुढे ते सगळे मथळे दुरुस्त करायला आम्हाला अकरा महिने लागले, आणि त्या काळात माझ्या खुर्चीत त्या बसायच्या. पण त्या दुपारी मात्र मला वाटलं, की परतीच्या एस.टी.त त्या वेगळ्या बाकावर बसतील.

“काय झालं?” आवटीमास्तरांनी विचारलं. ज्याला आपला आवाज ऐकू येत नाही त्याचा आवाज, घरभर घुमला. “काय भांडण आहे?”

शैलजाताईंनी पाटी घेतली. पेन्सिल हातात धरून त्या जरा थांबल्या. काय लिहावं म्हणजे त्यांना लागणार नाही, हे त्या शोधत होत्या, एवढं मला कळलं.

“द्या इकडे,” मी म्हणालो.

आखडलेल्या बोटांनी मी लिहिलं, ‘ही कॅसेट मी चौदा महिन्यांपूर्वी विकायला लावली. तुमचं नाव लिहिलं नाही, म्हणून सापडली नाही. चूक माझी.’ पाटीवर जागा कमी होती, त्यामुळे सबबी लिहिता आल्या नाहीत.

मास्तरांनी पाटी डोळ्यांजवळ नेली. ओठ हलवत वाचली. माझ्याकडे बघितलं, पुन्हा वाचली. मग पंजानं पाटी पुसून टाकली.

“मला कशाला ऐकायची?” ते म्हणाले. “मीच वाजवलंय की. मला पाठ आहे.” त्यांनी मुलीकडे बोट केलं. “हिनं ऐकलं नव्हतं. हिची आई गेली तेव्हा ही पाच वर्षांची. तेव्हापासून पेटी मी उघडली नाही. हिला कायम वाटत आलंय, बाप नुसता सोसायटीत कारकून होता.”

“अप्पा,” शैलजाताई म्हणाल्या. ते त्यांना ऐकू गेलं नाही.

“लाव,” मास्तर म्हणाले.

शैलजाताईंनी कॅसेट आत सरकवली आणि बटण दाबलं. थोडी खरखर, मग पेटी सुरू झाली. गाणं नंतर आलं. आधी मिनिटभर नुसती पेटी होती, एकटी, कुठेही घाई नसलेली. बावीस वर्षांत मी लाखभर कॅसेटी विकल्या असतील. लोकांना डोळे मिटून सांगायचो, हा अमका, हा तमका. ही कॅसेट माझ्याकडे सव्वीस वर्षं पडून होती आणि मी ती एकदाही लावली नव्हती.

शैलजाताई जमिनीवर बसल्या, टेपला अगदी लागून. पहिलं भजन संपलं, दुसरं संपलं. मास्तरांचं टेपकडे लक्ष नव्हतं. ते मुलीचा चेहरा बघत होते आणि तिच्या चेहऱ्यावरून कुठलं कडवं चाललंय ते ओळखत असावेत, कारण त्यांची मान बरोबर समेवर हलत होती.

पहिली बाजू संपल्यावर मगदूमबाईंनी उठून कॅसेट उलटी केली. मला म्हणाल्या, “हेरवाडे, सरका जरा, वारा अडवताय.” मी कबूल केल्यापासून त्या माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होत्या. मी कृतज्ञतेनं सरकलो.

मास्तर पुढे वाकले. मला वाटतं त्यांना हळू बोलायचं होतं, गुपित सांगावं तसं. पण आवाज शेजारच्या घरात गेला असणार.

“ह्या बाजूला मी एके ठिकाणी चुकलोय,” ते मला म्हणाले. “तिसऱ्या भजनात. तबल्यावरचा गुरव म्हणाला, परत घेऊ. कुंभोजेबाई म्हणाल्या, राहू द्या, कुणाला कळतंय? अठ्ठावीस वर्षं ते मनात राहिलंय. तेवढं हिला सांगू नका.”

शैलजाताई हसल्या आणि डोळे पुसले. तिसरं भजन सुरू झालं. आम्ही तिघंही कान देऊन बसलो. मास्तरांनी हात लांबवून तळवा टेपच्या जाळीवर ठेवला. तबल्याचे ठोके हाताला लागत असतील. दुसऱ्या हाताची बोटं मांडीवर चालायला लागली. एक कडवं गेलं, दुसरं गेलं. मग त्यांनी एकदम बोट वर केलं.

“इथं.”

मी मगदूमबाईंकडे बघितलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. मलाही काही कळलं नव्हतं. शैलजाताईंनी कॅसेट मागे घेतली आणि तेवढा तुकडा पुन्हा लावला. मास्तरांनी पुन्हा तळवा ठेवला, पुन्हा त्याच जागी बोट वर केलं. पेटी सरळ, स्वच्छ वाजत होती.

“सापडली?” त्यांनी विचारलं.

शैलजाताईंनी पाटीवर ‘नाही’ असं लिहून त्यांना दाखवलं आणि कॅसेट पुन्हा मागे घेतली.